वगळायचं पान

आडव्या पावसाने गाठलं म्हणून मी आणि माझी सून वाचनालयात शिरलो. नाहीतर त्या झिपऱ्याची नि आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

केस डोळ्यांवर, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी लोंबणारी. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून तो सांगत होता, "सरकारने कुठे किती खर्च केला, ते या सॉफ्टवेअरवर कुणीही शोधू शकतं."

"कुणीही ना?" मी म्हटलं. "मग आमच्या दारासमोरच्या पुलाचं सांग. नुसते खांब उभे करून ठेवलेत मेल्यांनी!"

"आजी, आधी खात्याचा संकेतांक टाका. मग लेखाशीर्ष निवडा, मग—"

सून फिसकन हसली. ओली वेणी पिळत म्हणाली, "मी वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिते. कपडे धुवायला निघालेल्या माणसाला आम्हीसुद्धा इतकं पिडत नाही."

झिपऱ्या तिच्याकडे बघतच राहिला... "मग याची पुस्तिका तुम्ही लिहाल?"

माझा मुलगा गेला तेव्हापासून ही पोर अशी हसली नव्हती. म्हणून मी गप्प बसले. एरवी अनोळखी माणसाला मी उंबऱ्याशीसुद्धा उभं करत नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. सुनेची एक रीत आहे. पान लिहून झालं की ते मला द्यायचं, आणि मी त्यात लिहिलंय तसं करत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी अडले, तर चूक पानाची. माझी नाही. असली चांगली रीत या घरात दुसरी नाही.

"आजी, ते डावीकडे—" झिपऱ्याला राहवेना.

तिने हातातली पेन्सिल त्याच्या ओठांवर आडवी धरली. "श्श! तुम्ही काय प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार आहात?"

"प्रत्येकाच्या नाही," तो पेन्सिलीआडून पुटपुटला. "या घरी मात्र रोज येईन म्हणतो."

सुनेचे कान लाल झाले. मी संगणकाच्या पडद्याकडेच बघत राहिले. दिसत असून न दिसल्यासारखं करणं सासूला शिकवावं लागत नाही.

मग ते पान आलं. एखाद्या कामाची रक्कम आधी काय ठरली आणि मागाहून कितीदा वाढवली, ते एकाखाली एक कसं बघायचं, याचं पान. वाचलं तसं बटण दाबलं, आणि आमचा पूल उघडला. वाढ, परत वाढ, त्यावर आणखी वाढ! खांबांना खत घालत होते की काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि दोन दिवसांनी झिपऱ्या मान खाली घालून आला. "साहेब म्हणतात, ते पान वगळा. लोकांचा गैरसमज होतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" सुनेने विचारलं.

"मी... हो म्हटलं. बटण आहे तिथेच आहे हो. फक्त सांगायचं नाही, इतकंच."

"म्हणजे दार ठेवायचं आणि कडी लपवायची? लोकांच्याच पैशाची? निघा तुम्ही."

माझ्याही तोंडाचा पट्टा सुटला. "साहेबाने डोळे वटारले की पान सोडतोस! उद्या माझ्या पोरीला सोडशील!"

बोलून गेले आणि जीभ चावली. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मग तो खरंच निघून गेला.

त्यानंतर संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की सुनेची पेन्सिल थांबायची. पाऊल शेजाऱ्याचं निघालं की पुन्हा चालायची. मला विचारलं तर म्हणे, "कुठे काय, आई!"

असाच एकदा तो दारात उभा. नखशिखांत भिजलेला.

"ते पान पुस्तिकेत लागलं," तो म्हणाला. "भर बैठकीत सांगितलं, पान जाणार असेल तर मीही जातो. सगळ्यांसमोर साहेबांना पानाला नाही म्हणता येईना. म्हणाले, पान राहू दे... तू जा."

"म्हणजे नोकरी—?"

"गेली. तेव्हा आता काही मागायला आलो नाही. पण तुम्ही मला आवडता... फार. तेवढं सांगून जातो."

आणि हा खुळा खरंच जिना उतरायला लागला! सून खिळल्यासारखी उभी. एकदा दाराकडे बघते, एकदा माझ्याकडे.

"आई... तुम्ही एकट्या—"

"मी काय तुझ्या गळ्यातलं लोढणं आहे?" मी कडाडले. "माझ्यापायी थांबलीस असं कुणी म्हणालं, तर चारचौघांत तोंड कसं दाखवू मी? आवडतो की नाही, सरळ सांग."

"आवडतो..."

"मला काय सांगतेस? त्याला सांग, जा! कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल तो."

दारामागे खुंटीला दोन छत्र्या टांगलेल्या होत्या. मी तिच्या हातात एकच दिली.