सव्वा मूठ गहू

पिठाच्या गिरणीत प्रेम जमतं असं कुणी सांगितलं असतं, तर वर्षानं त्याला वेड्यातच काढलं असतं. गिरणीत जमतं ते पीठ... केसांवर, भुवयांवर, आणि श्रावणातली हवा ओली असली की थेट नाकात.

पोटासाठी गाव सोडून आलेल्या मराठी माणसांच्या नवागाम वस्तीवर चार दिवसांपासून तेच करडं आभाळ होतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. खाडी फुगली होती आणि तिचा कुबट वास गल्लीगल्लीत शिरला होता. वर्षा सुकदेवनानांच्या गिरणीत कानबाईच्या रोटाचे गहू घेऊन उभी होती. रोटाचे गहू म्हणजे साधं दळण नव्हे. घरातल्या एकेका पुरुषमाणसाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ गहू काढायचे, मग वर भरतीचे टाकायचे. त्यासाठी नाना गिरणी धुऊन-पुसून ठेवत. वर्षाच्या घरात पुरुषमाणूस एकच... सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणणारे तिचे वडील, हिलाल. त्यामुळे तिची पिशवी गल्लीत सगळ्यात हलकी असायची.

ती हलकी पिशवी तोलायची, तर काट्यावर एक धिप्पाड तरुण उभा. अनवाणी, बनियनवर, श्वास रोखून.

"ओ दादा, तुमचं दळण झालं असेल तर उतरा."

"थांबा जरा. आकडा स्थिर व्हायलाय."

"काय तोलायचंय तुमचं?"

"मलाच," तो म्हणाला आणि मागे वळला. वळताच आकडा हलला, आणि त्याचा चेहरा असा काही पडला की वर्षाला हसू आवरेना.

त्याचं नाव मारुती. परभणीकडचा. दिवसा कापड बाजारात पार्सलांची पोती वाहायचा आणि संध्याकाळी कोचच्या हाताखाली वजनं उचलायचा. नोव्हेंबरात एका सरकारी खात्याची खेळाडू भरती होती. त्याचं वय भरत आलेलं, म्हणजे ही शेवटचीच संधी. कोचनं बजावलं होतं: अंगात चरबी नको, निव्वळ मांस वाढव. जिममधला काटा मालकाच्या मर्जीनं चालायचा, म्हणून हा भला माणूस दर रविवारी गव्हाच्या काट्यावर चढायचा.

"रोट म्हणजे काय असतंय?" त्यानं पिशवीकडे बघत विचारलं.

"आमच्या कानबाईदेवीचा प्रसाद. गव्हाची जाड पोळी."

"मला द्याल एक?"

"परक्याला देत नाहीत. घरच्यांनीच खायचा असतो."

"मग परक्यानं काय करायचं?"

"परक्यानं काट्यावरून उतरायचं," वर्षा म्हणाली. तो मुकाट्यानं उतरला.

"एक सांगू?" जाताजाता तो म्हणाला. "दादा नका म्हणू. दिवसभर पोती असतात, त्यात हे एक ओझं कशाला."

पुढच्या रविवारी वर्षाच्या घरचं पीठ अचानक संपलं. त्याच्या पुढच्याही. तिच्या आईला, प्रमिलाबाईंना, आपल्या घरात एवढ्या भाकरी कोण खातंय ते कळेना. नानांना मात्र सगळं कळत होतं. ते खडूनं भिंतीवर मारुतीचं वजन लिहायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे.

"तुझ्या गालावर चमकी आहे," मारुती एकदा म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

"कुठे?"

"इथं..." त्याचं बोट तिच्या गालाजवळ आलं आणि वीतभर अलीकडेच थांबलं. तिनं ती चमकी दिवसभर पुसली नाही.

चमकी तर तिच्या हाताला, केसांना, जेवणाच्या ताटालासुद्धा असायची. माय-लेकी घरी बसून साड्यांवर खडे आणि चमकी चिकटवायच्या. रामदास नावाचा माणूस पोत्यातून काम आणून द्यायचा आणि झालेलं घेऊन जायचा. होळीपासून त्याच पोत्यातून कोरे पांढरे डबेही यायला लागले होते. डब्यावर गोल चंदेरी शिक्का चिकटवायचा, बस्स. नाव-बिव दुसरीकडे लागत असावं. कशाचे डबे, कुणाचे, असं त्या दोघींनी कधी विचारलं नाही. गल्लीत कुणीच विचारत नाही. दाराशी पोतं आलं म्हणजे काम आलं.

दसऱ्याला मारुतीनं तिला पहिली भेट दिली. गजरा नाही, बांगड्या नाहीत... प्रोटीन पावडरचा रिकामा डबा. घासून, उन्हाची वाट पाहून वाळवलेला.

"तुझ्या मायला डाळ ठेवायला होईल. झाकण लई घट्ट आहे," तो लाजत म्हणाला. "बाहेरदेशचा माल आहे हा. त्यानंच एवढं अंग भरलं बघ. खोटा असता तर हा शिक्का नसता. मी शिक्का बघूनच घेतो."

घरी येऊन वर्षानं त्यात तूरडाळ ओतली आणि डबा फळीवर ठेवताना तिचा अंगठा त्या चंदेरी शिक्क्यावरून फिरला. शिक्क्याखाली काहीतरी टोचलं. तिनं डबा दाराच्या उजेडात नेला. शिक्क्याच्या काठाखाली एक गुलाबी चमकी अडकली होती. पानाच्या आकाराची. गणपतीच्या पंधरवड्यात त्यांनी साड्यांवर लावलेली, तीच.

तिनं डबा तसाच हातात धरून आईपुढे नेला.

"आई, हे डबे कशाचे असतात गं?"

"घरमा येल कामले नही म्हनो नही, व पोरी," प्रमिलाबाई साडीवरची मान न उचलता म्हणाल्या. "त्यामा काय शे, ते आपले काय करनं?"

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन आलेल्या रामदासला तिनं तेच विचारलं. तो हसला. "तू शिक्के लाव ना. पावडर खाणाऱ्याला पडलेली नाही, तुला काय पडलीय?"

त्याच दिवशी मारुतीला सांगायला हवं होतं. हे तुम्हाला कळतं, मला कळतं, वर्षालाही कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या शिक्क्यावर तू डोळे मिटून विश्वास टाकलास, तो ह्या हातांनी चिकटवलाय, असं? पहिल्या रविवारी तो खुशीत होता, आकडा चढला होता. तिनं भिंतीवरचा नवा आकडा तेवढा वाचून दाखवला. दुसऱ्या रविवारी तिनं मनाशी म्हटलं, दिवाळी तरी होऊ दे त्याची. तिसऱ्या रविवारी त्याचा चेहरा सुजल्यासारखा वाटला, खांद्यांवर लाल पुटकुळ्या दिसल्या, आणि नाना आकडा लिहायला विसरले म्हणून तो त्यांच्यावर केवढ्यांदा खेकसला. नंतर स्वतःच खाली मान घालून म्हणाला, "असं कामून व्हायलंय काय की... मी असा नव्हतो."

ती रात्रभर रडली. पण त्या रविवारीही तिनं सांगितलं नव्हतंच.

भरतीला सहा दिवस उरले. आभाळ अजूनही मोकळं नव्हतं. पावसाची जागा आता डाइंग मिलच्या धुरानं घेतली होती. मारुती त्या दिवशी काट्यावर चढलाच नाही. धुतलेला शर्ट घालून आला होता.

"वर्षा, पुढच्या रविवारी मी इथं नाही येणार."

"मग?"

"तुझ्या घरी येणार. निवड झाली की थेट तुझ्या वडलांसमोर बसतो. पोती वाहणाऱ्याला पोरगी कोण देतं, पण नोकरीवाल्याला..." तो थांबला. "तू नाही म्हणणार नाहीस ना?"

किती रविवार ती ह्या वाक्याची वाट पाहत होती. आणि आलं ते असं, नेमकं ह्या वेळेला. आता गप्प राहिली असती तर जन्मभर गप्प राहावं लागलं असतं.

"मारुती, तुझ्या डब्यावरचा शिक्का मी चिकटवलाय."

तो आधी हसला. तिनं चमकीचं सांगितलं, रामदासचं सांगितलं. मग त्याचं हसू कुठेतरी गेलं.

"आत काय असतं?"

"माहीत नाही. पण जे लिहिलंय ते नसतं."

"तुला कधी कळलं?"

"दसऱ्याला."

तो हळूच बोटं मोजायला लागला. तीन बोटांवर थांबला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "तीन रविवार तू माझा आकडा बघितलास, वर्षा." आणि निघून गेला. नानांनी त्या दिवशी भिंतीवर काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातली तूरडाळ परातीत काढली आणि डबा घेऊन कोचचं घर गाठलं. मारुतीनं आदल्या रात्रीच त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी त्याच्या चालू डब्यातली पावडर तपासायला पाठवली होती. तिसऱ्या दिवशी निकाल आला. त्यात जे निघालं त्याचं नाव तिला उच्चारता आलं नाही. एवढं कळलं, की ते अंगात आठवडेच्या आठवडे राहतं आणि भरतीच्या लघवी तपासणीत हमखास सापडतं. सापडला तर चार वर्षांची बंदी आणि कपाळावर कायमचा डाग.

"तो उतरणार नाही भरतीला," कोच म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, म्हणूनच थोडं थांबून बोलले. "तीन आठवडे आधी बंद केलं असतं तर... कदाचित. नक्की सांगता येत नाही."

ते 'कदाचित' वर्षाच्या उशाशी येऊन बसलं आणि उठायचं नाव घेईना. नक्की सांगितलं असतं तर तिनं स्वतःला एकदाच शिक्षा करून घेतली असती.

कोचनं पोलिसांत तक्रार केली, त्यावर तिनं सही केली. रामदास पोत्यांसकट गायब झाला. त्याच्यासोबत गल्लीतल्या पाच घरांचं काम गेलं, आणि नळावर बायका वर्षाला पाहून तोंड फिरवू लागल्या. प्रमिलाबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी लेकीच्या ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, "सही करी ते बरं करं. उशीर करा ते वाईट करं." त्याहून खरा न्याय वर्षाला कुणी दिला नाही.

मारुती शहराबाहेर हजीऱ्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आणि तिकडेच राहायला गेला. वजनं सोडली, असं नाना म्हणाले. वर्षा दर रविवारी दळण आणत राहिली. काटा मोकळा असायचा. भिंतीवरचे आकडे ओल्या हवेत पुसट होत गेले. ते कुणी पुसले नाहीत आणि कुणी गिरवलेही नाहीत.

पुन्हा श्रावण आला. तेच करडं आभाळ, तोच खाडीचा वास. प्रमिलाबाई ओल्या केसांनी गव्हाच्या परातीपुढे बसल्या. "हिलालना नावनी," म्हणत त्यांनी सव्वा मूठ काढली. वर्षा भरतीचे गहू घेऊन पुढे झाली, तर आईनं हातानं थांबवलं.

"त्या पोऱ्यानं नाव काय व?"

वर्षानं हातातले भरतीचे गहू खाली ठेवले. पलीकडे खाटेवर वडील शिफ्टवरून येऊन पडले होते. त्यांनी कूस बदलली आणि काही बोलले नाहीत. हिलाल काही बोलले नाहीत म्हणजे त्यांची हरकत नसते.

"मारुती," ती शेवटी म्हणाली.

"मारुतीना नावनी," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात दुसऱ्यांदा गव्हात गेला.

नऊ महिन्यांत वर्षानं त्याला एक अक्षर पाठवलं नव्हतं. कुठल्या तोंडानं पाठवणार? त्या दिवशी पाठवलं. 'आईनं रोटाच्या गव्हात तुझ्या नावाची मूठ काढली. तुला न विचारता. नको असेल तर सांग. मी गिरणीत आहे.'

उत्तर आलं नाही. नानांनी गिरणी धुऊन ठेवली होती. दोन दळणं पुढे गेली, तिसरं गेलं. "टाकू का व पोरी?" नानांनी विचारलं. "थोडं थांबा," ती म्हणाली. दोन तास झाले. ओल्या सदऱ्यानं कुणीतरी आत आलं आणि सवयीनं चपला काढून काट्यावर चढलं.

गालफडं बसली होती. खांदे उतरले होते. नानांनी न सांगता खडू उचलला, आकडा पाहिला आणि खडू परत ठेवून दिला.

"राग गेला नाही माझा," मारुती आकड्याकडे बघत म्हणाला. "जाईना तो. लई प्रयत्न केला."

"माहीत आहे मला."

"पण मेसेज वाचला आणि दोन बस बदलून आलो. आता ह्याला काय म्हणायचं, ते तूच सांग."

"मला तू आवडतोस," वर्षा म्हणाली. "तेव्हाही आवडत होतास. तू जाशील म्हणून भ्याले, म्हणून बोलले नाही. आणि ते चुकलं माझं."

बाहेर पाऊस होता तसाच पडत होता. मारुती काट्यावरून उतरला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्यात डोकावला. "ह्यातली माझी मूठ कोणती?"

"मिसळली आता. वेगळी नाही काढता येणार."

मग त्यानं पिशवी उचलली आणि स्वतःच्या हातानं गिरणीच्या तोंडात ओतली.

"चालू करा, नाना," तो म्हणाला.

पट्टा फिरू लागला. पीठ खाली यायला लागलं, तसा पिशवीचा एक काठ त्यानं धरला आणि दुसरा तिनं.