पाचव्या खुर्चीची पानं

"पाच जणांना खेळता येईल असं काही आहे?"

दुकानाचं दार उघडं होतं, तरी तो बाहेरच थबकलेला. भर दुपारी धुकं उतरलं होतं आणि त्याच्या चष्म्यावर दाटून बसलं होतं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत चढवला. मग माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

आमच्या दुकानात घरी बसून खेळायचे खेळ मिळतात, मुख्य म्हणजे पत्त्यांचे. कोणत्या घराला कोणता खेळ द्यायचा हे ठरवणं माझं काम, आणि त्यासाठी माझे तीन प्रश्न ठरलेले.

"एकूण किती? सगळ्यांत लहान केवढं? आणि हरल्यावर रुसतं कोण?"

"पाच. आईबाबा, मी, कॉलेजातली बहीण, आणि... एक. रुसतात बाबा." तो अडखळला. "त्या पाचव्या व्यक्तीला पानं हातात धरता येत नाहीत."

मी खोलात गेले नाही. हात कापणारी माणसं घरोघर असतात. त्यांच्यासाठी आम्ही खाच पाडलेली लाकडी पट्टी ठेवतो. पानं तिच्यात उभी राहतात. ती पट्टी दिली आणि भराभर रंग जुळवायचा एक खेळ दिला.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर.

"बदलून मिळेल? पाचवीच जिंकते. दर डावाला."

"मग जिंकू द्या की! रुसायला बाबा आहेतच."

तो हसला. डाव्या गालावर एवढीशी खळी पडली नि मिटली.

लक्षात ठेवायचा खेळ दिला, पाचवी जिंकली. निव्वळ नशिबाचा दिला, तरी तीच. शनिवारमागून शनिवार गेले, आणि मनातल्या मनात मी त्याचं नावच 'शनिवार' ठेवून टाकलं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा.

"म्हणून असे टक लावून बघता होय?"

"तो धंदा झाला," तो म्हणाला. "इथे... धंद्याचं नाही बघत."

मी घाईघाईनं पानं मोजायला घेतली. गाल तापले होते, आणि मोजताना मान खाली घालायची सोय असते.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. परत आलेल्या प्रत्येक कॅटला लवंगेचा वास असायचा. आणि थंडगार गठ्ठ्यात काही पानं कोमट लागायची, कुणी आत्ताच हातातून खाली ठेवावीत तशी.

पाचव्या शनिवारी अशीच पानं मोजता मोजता मी गुणगुणत होते—

*एक पान तुला गं, एक पान मला,*
*उरलं ते ठेवू या, येईल त्याला...*

"हे कुठं ऐकलंत?"

मी वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण जाणे. ओठांवर आलं."

"पानं वाटताना आत्या म्हणायची. फक्त आत्याच."

"म्हणायची?"

"दोन वर्षं झाली तिला जाऊन."

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक एकदम मोठी झाली. मग त्यानं सगळं सांगितलं, काउंटरवर बोटानं रेघा ओढत. आत्यानं त्याला लहानाचं मोठं केलं. तोंडात कायम लवंग, आणि पत्त्यांत ती अव्वल लबाड. गुलामचोर खेळताना चोर ठरवणारा शेवटचा बिनजोडीचा गुलाम तिच्या हातात कधी म्हणजे कधीच उरला नाही. जायच्या आदल्या दिवशी हसत हसत बोलून गेली, "मला चोर केल्याशिवाय या घरात सून यायची नाही, सांगून ठेवते!" तिची ती थट्टा, पण आईनं तिची शपथ केली. तेव्हापासून आत्याची पानं वाटली जातात, आणि आत्या हरत नाही.

"सून... ठरलीय का कुणी?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला.

"ठरली नाही. पण आठवडाभर शनिवारची वाट बघतो."

मी साधा कॅट काढला, त्यातला एक गुलाम बाजूला ठेवला. "मग तिचाच खेळ खेळू या. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी चार वाजले असतील. मळभ होतं, खिडकीतून राखाडी उजेड गोल टेबलावर पडला होता. पाचवी खुर्ची रिकामी. तिच्या गादीला मात्र मधोमध खोलगट खळगा होता.

"बस बाळ. त्या खुर्चीत नको हं," आई म्हणाली.

"लबाडी करते ती, आधीच सांगतो," बाबा म्हणाले. "जिवंतपणी काय कमी केली?"

"बाबा, तुम्ही हरलात तर रडू नका. पाहुणी आलीय," बहिणीनं चिमटा काढला.

आत्याच्या शेजारी आई. पट्टीतली पानं पाहून जोड्या तीच खाली टाकायची; पण पान ओढायची पाळी आली की डोळे मिटून हात पुढे करायची. "हात मी नेत नाही गं," ती हळूच म्हणाली. "तो नेला जातो."

जोड्या पडत गेल्या. बहीण सुटली. बाबा सुटले आणि विजयानं खाकरले. आई सुटली, शनिवार सुटला. उरलो आम्ही दोघी.

माझ्याकडे गुलाम आणि बदामाची राणी. पट्टीत एकच पान. तीही राणीच असणार. आत्यानं माझी राणी उचलली की चोर मी. म्हणजे हे घर नाही, आणि पुढचे शनिवारही नाहीत.

आईचा हात आला. सरळ राणीवर. लवंगेचा वास इतका दाटला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनगटावर कुणीतरी थंड श्वास सोडला... तो हात थांबला. आणि बाजूला सरकून त्यानं गुलाम उचलला.

आता पट्टीत दोन पानं, माझ्याकडे पाठ करून उभी. पाळी माझी. मी हात पुढे केला, तसं उजवीकडचं पान आपोआप नखभर वर आलं. मागून कुणी ढकलावं तसं.

"ते नको!" शनिवार कुजबुजला. "तिची जुनी खोड आहे. वर केलेलं पान म्हणजे गुलामच. नेहमी."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. ते गाणं मला कुणी शिकवलं होतं? मला इथवर बोलावलं कुणी? आयुष्यभर जिंकण्यासाठी लबाडी करणारी बाई... हरायचं ठरवलं, तरी लबाडीच करणार ना?

मी वर आलेलं पान ओढलं. ते कोमट होतं.

राणी!

पट्टीत एकटा गुलाम उभा होता. खुर्चीच्या गादीतला खळगा हळूहळू वर येत सपाट झाला.

"हरली," बाबा म्हणाले, आणि खरंच रडू लागले. टेबलाखाली शनिवारच्या हातानं माझा हात शोधला. तो चांगला गरम होता, जिवंत माणसाचा.

पुढच्या शनिवारी धुकं नव्हतं, चष्मा लख्ख होता. तरी तो दारातच उभा.

"सहा जणांना खेळता येईल असं काही आहे?"

मी बोटांवर मोजलं. आई, बाबा, बहीण, तो, मी... मोजता मोजता सहाव्या बोटाशी थांबले, आणि मला हसू आलं. तीनपैकी एकच प्रश्न विचारला.

"हरल्यावर रुसलीय का?"

"छे," तो म्हणाला आणि आत आला. "सकाळपासून लवंगेचा वास सुटलाय घरभर. तुझी पानंसुद्धा वाटून झालीत. आमच्यापैकी कुणी नाही वाटली."