कोणते वानखडे?

"थांबा… पान उलटू नका. माह्या दोन ओळी राह्यल्या."

मी मान वळवली. बडनेऱ्याला चढलेला शेजारच्या सीटवरचा मुलगा माझ्या मांडीवरच्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. आणि तेही असा निवांत, जणू पुस्तक त्याचं आहे आणि मला नुसतं ते धरून बसायला ठेवलंय.

"दुसऱ्याच्या पुस्तकात असं डोकावतात का?" मी आवाजाला शक्य तेवढी धार लावली.

"डोकावून नाई राह्यलो, वाचून राह्यलो." तो हसला. "अन् तुमी हळू वाचता म्हनून बरं हाय. नाई त मी मागंच पडलो असतो."

हळू! मी! अमरावती ते अकोला रोज एसटीनं अपडाऊन करणारी, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, मूर्तिजापूर यायच्या आत अख्खं प्रकरण संपवणारी मी— हळू वाचते? खिडकीची काच पुरती लागत नव्हती, जानेवारीचं गार वारं आत शिरत होतं, आणि तरी माझे कान तापले.

पान मात्र मी उलटलं नाही. का, ते विचारू नका.

पुस्तक शास्त्रज्ञांच्या चुकांबद्दलचं होतं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वान माणसांच्या कवट्या गोळा करून त्यांत मोहरी भरायचे. जिच्यात मोहरी जास्त मावली, त्या कवटीवाले लोक जास्त हुशार, असा हिशोब. आणि हुशार कोण निघायचं? तर बहुतेकदा मोजणाऱ्याचेच लोक!

"आमच्याकडं असं बियानं तपासलं त नोकरी जाईन," तो म्हणाला. अकोल्याला एका बियाण्यांच्या कंपनीत तो उगवणशक्ती तपासायचा. दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि त्यातले किती उगवतात ते पाहायचं, हे त्याचं काम. "पिशवीवर काय बी छापलेलं असो. आमी दाना उगवू देतो, मंग बोलतो."

वाक्य चांगलं होतं. आणि चांगली वाक्यं बोलणाऱ्या मुलांचा मला फार संशय येतो.

त्याचं नाव नितेश. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गाडीत चढला, तिसऱ्या दिवशीही. मग अमरावतीच्या स्टँडवर मी माझ्या शेजारच्या सीटवर बॅग ठेवायला लागले. बॅग जड असते म्हणून, दुसरं काही नाही… असं मी मला सांगत होते. हळूहळू पुस्तक आमच्या दोघांच्या मधे आलं. डावं पान त्याच्या हातात, उजवं माझ्या. वाचून झालं की तो "हं" म्हणायचा आणि मी पान उलटायचे. कधी तो संत्रं सोलायचा, फोडींवरचे पांढरे धागे एक-एक काढून टाकायचा आणि फोड पुस्तकावरून अलगद माझ्याकडे सरकवायचा. पुस्तकाला वास लागला संत्र्याचा.

एका प्रकरणात इंग्रज साहेब होते. आपल्या देशात फिरून लोकांची नाकं मोजत होते ते. नाक किती रुंद, किती लांब, आणि त्यावरून जात वरची की खालची!

"माह्यं मोजा बरं," म्हणत नितेशनं पुस्तकात खुणेला ठेवलेलं एसटीचं जुनं तिकीट नाकाला लावलं. "पुरं एक तिकीट भरते. म्हंजे काय निघालं?"

"फुल तिकीट. सवलत नाही."

"अन् तुमचं?" त्यानं तिकीट माझ्या नाकाजवळ आणलं… आणि मधेच हात थांबवला. "राहू द्या. माह्या हातून मोजलं त चूकच निघन."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बोरगावजवळ कापसाचे ट्रॅक्टर उभे होते. ते मी आयुष्यात प्रथमच इतकं लक्ष देऊन पाहिले.

आणि मग तो दिवस आला. प्रणालीताई आमच्या गाडीच्या कंडक्टर. त्यांनी आधी माझा पास पाहिला, मग त्याचा.

"वानखडे… अन् हेबी वानखडे!" त्या म्हणाल्या. "भाऊ-बहीन का तुमी?"

"नाई!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

मी लाजून ओरडले होते. नितेशचं मात्र भलतंच झालं. त्याचा चेहरा उतरला. माझ्या पासाकडे तो असा पाहत राहिला, जणू त्यावर कुणी लाल शाईनं 'नापास' लिहिलंय. अकोला येईपर्यंत तो "हं" म्हणाला नाही, आणि मी पान उलटलं नाही.

तोवर आम्ही एकमेकांना आडनाव सांगितलंच नव्हतं. मी सहसा सांगतही नाही. आमच्या वऱ्हाडात वानखडे कुणब्यांत असतात आणि आम्हा बौद्धांतही असतात. नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, म्हणून लोक डोकं तिरकं करून विचारतात, "कोणते वानखडे?" खोली भाड्यानं देणाऱ्या काकूंनी विचारलं, स्टाफरूममध्ये विचारलं, मैत्रिणीच्या आईनं चहाचा कप हातात देता देता विचारलं. आवाज नेहमी गोड असतो. उत्तर ऐकल्यावर तो बदलतो.

आता हाही त्याच वाटेनं निघाला!

"मूळ गाव कोनतं तुमचं?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"अचलपूरकडचं."

"आमचं धामनगाव रेल्वेकडचं… मंग तुमच्याकडचे कोनी धामनगावकडं आले होते का? पहिले?"

"आले असतील. माणसं सगळी आफ्रिकेतून चालत आलीत. वाटेत धामणगाव लागलं असेल."

तो हसला, पण विचारायचा थांबला नाही. गावात घर कोणत्या बाजूला? आजोबांचं नाव काय? माझ्या मनात एक-एक खिडकी बंद होत गेली. मीही मग त्याच्याकडे निरखून पाहायला लागले. मनगटाला दोरा आहे का? पाकिटात कुणाचा फोटो? फोनची रिंगटोन कोणती?

सगळ्यात वाईट म्हणजे बाबांचा फोन. आमच्या घरी फोन "जय भीम"नं ठेवतात, लहानपणापासून. पण त्या दिवसांत बाबांचा फोन आला की मी "बरं बाबा, ठेवते" म्हणून पटकन बंद करायचे. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग यायचा. शेषराव वानखड्यांची मुलगी, आणि एका संत्र्याच्या फोडीसाठी दोन शब्द गिळते!

एकदा त्याच्या हातात पेपर होता. विवाहविषयक जाहिरातींचं पान मी मुद्दाम उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "'उच्चशिक्षित वधू पाहिजे. जातीची अट नाही. एससी-एसटी क्षमस्व.'" वाचताना डोळे पेपरवर नव्हते, त्याच्या चेहऱ्यावर होते.

"क्षमस्व कावून लिहतात?" तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "माफी मांगता येते, त चूक नाई टाळता येत?"

मी विरघळले. अगदी पुरती. आणि तेवढ्यात हा पुढे म्हणतो, "बरं… तुमच्याकडं कुळदैवत कोनतं हो?"

"विचारायचं ते एकदा सरळ विचारून टाका ना!"

तो खूप हळू म्हणाला, "विचारलं… अन् नको ते उत्तर आलं त?"

नको ते उत्तर! त्याच्यासाठी मी 'नको ते उत्तर' होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती आणि नेमका बाबांचा फोन वाजला. मी काही गिळलं नाही. सगळी गाडी ऐकेल अशा आवाजात बोलले, आणि शेवटी म्हणाले, "जय भीम, बाबा!"

आणि वळून नितेशकडे पाहिलं.

तो हसत होता. साधंसुधं नाही, तोंडभर, दात दाखवून!

मी बॅग उचलली आणि उतरले. तो मागून काहीतरी म्हणत होता, ते गाडीच्या आवाजात विरलं. मी दुसऱ्या गाडीनं कॉलेजला गेले. त्यानंतर बडनेऱ्याहून रेल्वेनं जायला लागले. रेल्वेत गर्दी कमी होती, वेळही वाचत होता, सगळं चांगलंच होतं. फक्त वाचन होत नव्हतं. पानाच्या शेवटी आले की मी थांबायचे… आणि कुणी "हं" म्हणायचं नाही. मला तो आवडत होता. इतका आवडत होता, की त्याचा राग करतानाही त्याचीच आठवण व्हायची.

फेब्रुवारीत एका दुपारी अवकाळी पाऊस आला. रेल्वे स्टेशनपर्यंत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मी अकोल्याच्या बसस्टँडवर शिरले. नितेश समोरच उभा होता, निथळत.

"रोज इथं तुमची वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. "मले बोलाचं हाय."

"क्षमस्व," मी म्हणाले.

"पौर्णिमा…" त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं, आणि माझे पाय तिथंच राहिले.

"हासले कावून तुमी त्या दिवशी?" मी विचारलं. "माह्या बापाले जय भीम म्हटलं, त्याच्यात हासण्यासारखं काय होतं?"

"मी खुशीनं हासलो."

"कायची खुशी?"

"तुमी आमच्यातल्या नाई याची."

मी चालायला लागले. तो आडवा आला.

"आयका त खरं! आमी कुनबी. आमच्यात वानखडे अन् वानखडे म्हंजे भाऊबंद. तुमी आमच्यातल्या निघाल्या असत्या त माही बहीन लागल्या असत्या! मले राखी बांधून घ्या लागली असती! त्या कंडक्टरताई बोलल्या, तवापासून माही झोप उडाली. गाव कोनतं, देव कोनता, कुठंतरी हे नातं तुटते का, तेच शोधून राह्यलो होतो. अन् तुमी फोनवर जय भीम म्हटलं… मले वाटलं, सुटलो!"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणजे ते नको असलेलं उत्तर मी नव्हतेच. 'नको ते उत्तर' म्हणजे बहीण! पोटातून हसू उसळलं होतं. पण मी ते दाबलं, कारण मनात दुसरा प्रश्न उभा राहिला होता.

"म्हणजे जात काढतच होते ना?"

त्याला हो-नाही करून वेळ मारून नेता आली असती. त्यानं तसं केलं नाही.

"हो," तो म्हणाला. "बहीन लागते का हे पाहाले काढत होतो. पन काढतच होतो."

माझा त्याच्यावरचा राग गेला तो त्या 'हो'वर. मनगटावरचा दोरा मीही शोधलाच होता की. त्या विद्वानांसारखी मोहरी माझ्याही पदरात होती.

"मले तू आवडते," तो म्हणाला. 'तुमी' कधी गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"अन् तुह्या घरी?"

"जातीतली असती त भाऊबंद म्हनून नाई म्हटलं असतं. आता जातीबाहेरची म्हनून म्हनतीन. पन ते भांडन माह्यं हाय."

"सगळे असंच म्हणतात. मग घरी कोणीच सांगत नाही."

त्यानं खिशातून फोन काढला, शर्टाला पुसला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून त्याच्या आईचा, जमुनाबाईंचा आवाज आला.

"पान्यात कुठी अडकला रे?"

"आई, मले लगन कराचं हाय. पोरगी पाहेली हाय मी. कालेजात शिकवते. वानखडे हाय."

"भुता! वानखडे त तुही बहीन लागते!"

"नाई लागत, आई."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग जमुनाबाईंनी हळू विचारलं, "कोनते वानखडे?"

नितेशनं तोंड उघडलं, पण फोन मी घेतला. उत्तर माझं होतं.

"नमस्कार काकू. मी पौर्णिमा. आम्ही बौद्ध आहोत, अचलपूरकडचे."

बोलताना माझा आवाज थरथरला नव्हता.

"याच्या बापाले नाई पटाचं हे," त्या म्हणाल्या. "घरात लय भांडे वाजतीन."

"हो, काकू."

"रविवारी ये याच्यासंग. पाहाचं हाय तुले."

पाहायचं! माझा संशय पुन्हा जागा झाला. "काय पाहायचंय, काकू?"

"अवं पोरी, हा पोरगा मांगच्या महिन्यात एकटाच हासून राह्यला होता घरात. ताटावर बसला का हासते, गाईले चारा टाकला का हासते. कोनामुळं हासते, ते पाहाचं हाय मले."

नितेश कानापर्यंत लाल झाला होता. त्यांच्या बोलण्यामागे आणखी काही आहे का, ते मी सवयीनं शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही.

"येते, काकू," मी म्हणाले.