दुर्बिणीतली आमची गच्ची

आमच्या इमारतीत माझ्या गोष्टींना लोक आधी दोनाने भागतात, मग ऐकतात. एरवी खुशाल भागा.

ही मात्र भागू नका. जशी घडली तशीच सांगतोय, तिखटमीठ न लावता. लावायला हात शिवशिवतायत, तरी.

शनिवार होता. लिफ्ट बंद होती, म्हणून नीट लक्षात आहे. दुर्बिणीचं खोकं, स्टँडचं खोकं आणि लोखंडी वजनाची पिशवी मी जिन्याने पार गच्चीवर नेली. वाटेत दोनदा बसून संसाराचा विचार केला.

दुर्बीण कोरी करकरीत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही मनात म्हणणार, जुनी असेल, आधीचा मालक मेला असेल. तसं काही नाही. खोक्याची चिकटपट्टी मीच फोडली.

ही सगळी उठाठेव बायकोसाठी.

तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात धुकं उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "काय बघायचंय ते बघून घ्या."

अशा वेळी कुणी समुद्र मागतं, कुणी नातवंडं. ही म्हणाली, "मला शनीची कडी बघायचीत."

सगळं जग शनीपासून लांब पळतं. आमच्या हिला तो जवळून हवा होता.

मी सुतार. आयुष्यभर लोकांची कपाटं जोडली. तीन पायांचा स्टँड जोडायला मी कशाला माहितीचा कागद वाचतोय? घडी करून खिशात घातला. आता कळतं, आधी दांड्याला वजन लावायचं असतं, मग दुसऱ्या बाजूला दुर्बीण. मी दुर्बीण आधी चढवली. ती गर्रकन फिरली आणि माझ्या कपाळावर बसली.

"अहो, लागलं का?"

"नाही गं. ग्रह दिसले."

"मग झालं की काम. चला खाली."

डोळे चालले होते तिचे. जीभ ठणठणीत होती.

मग मी कागद काढला. वजन पुढेमागे सरकवून तोल साधला. स्टँडचा तिरका दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, तो समोरच्या इमारतीच्या अँटेनावरून अंदाजाने रोखला. ध्रुवाने सांभाळून घ्यावं. ही बॅटरी धरून उभी होती. मधूनमधून नळीवरून हात फिरवत होती, नव्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दिवेलागण झाली. पूर्वेला पिवळसर ठिपका वर आला. नळी तिकडे वळवून मी डोळा लावला.

काळं कुळकुळीत.

स्क्रू फिरवला. तेच. दुसरं भिंग लावलं. तेच.

हिच्यासाठी मी बुटकं स्टूल केलं होतं. तिला त्यावर बसवलं, म्हटलं, "जरा दम धर," आणि चार पावलं लांब जाऊन दुकानदाराला फोन लावला. बायकोसमोर अडाणी ठरायला कुणाला आवडतं?

गच्चीवरच्या टाकीचा पाइप गळका होता. टप... टप... वर्षानुवर्षं चाललेला आवाज.

फोनची घंटी वाजत होती, आणि माझ्या लक्षात आलं...

टपटप थांबली होती.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्नही.

"अहो," ही म्हणाली. डोळा दुर्बिणीला होता. "दिसतंय."

"कडी?"

"नाही... गच्ची."

"कुणाची?"

"आपलीच. लांबून दिसतेय, उलटी. तुम्ही म्हणाला होतात ना, यात सगळं डोक्यावर उभं दिसतं?"

म्हणालो होतो. जिन्यात दम लागल्यावर शहाणपण पाजळलं होतं.

"टाकीवरचा नंबर वाचता येतोय. दोरीवरचे चिमटेसुद्धा दिसतायत हो! किती स्वच्छ!"

कितीतरी महिन्यांत तिला पेपरातले मथळेही वाचता आले नव्हते. मलाही आवाजावरूनच ओळखायची.

तेवढ्यात दुकानदाराने फोन उचलला. मी म्हटलं, मला सगळं काळं दिसतंय, बायकोला भलतंच काहीतरी दिसतंय.

तो हसला. "काका, रागावू नका हं. सगळे नवे लोक हेच करतात. पुढचं झाकण काढलंत का?"

मी नळीच्या टोकाकडे पाहिलं.

काळ्या नळीवर काळं झाकण... घट्ट बसलेलं.

मी फोन बंद केला. हात पुढे केला.

"आता तुम्ही हात पुढे केलात," ही म्हणाली. डोळा तसाच, दुर्बिणीला चिकटलेला. "इथून कसे बारके दिसताय! पण अहो... तो तिसरा कोण?"

"कुठला तिसरा?"

"जिन्याच्या दारात उभा आहे तो."

मी वळून पाहिलं. दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

"आपण दोघं उलटे दिसतोय," ती हळूच म्हणाली. "तो मात्र सरळ आहे."

मी झाकण ओढून काढलं.

"गेलं!" ती ओरडली. "काय केलंत हो!"

टपटप पुन्हा सुरू झाली. रस्ताही. मी डोळा लावला, आणि खरं सांगतो, शनी दिसला. कड्यांसकट, चित्रातल्यासारखा. तिला परत बसवलं. तिने खूप वेळ पाहिलं.

"धुकं आहे नुसतं. पिवळं." मग म्हणाली, "झाकण लावा परत."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही वजनाशी कुस्ती खेळत होतात तेव्हाच हाताला लागलं होतं. म्हटलं, काढतील. मग दिसायला लागलं, तर सांगितलं नाही." तिने माझी बाही धरली. "मला एवढंच दिसतं हो. एवढंच. लावा ना."

तुम्ही काय केलं असतंत?

मी लावलं.

मग रोज संध्याकाळी हेच. झाकण लावलेल्या दुर्बिणीला डोळा लावून ती तासतास बसायची. मी बाजूला उभा. पाइप गप्प, रस्ता गप्प. आणि ती मजेत सांगत राहायची. आज तो टाकीपाशी आलाय. आज दोरीखाली उभा आहे.

मी दोरीखाली जाऊन हात फिरवला. काही लागलं नाही. फक्त वाळत घातलेली चादर ओली होती, तेवढी एकच, बाकी कपडे वाळलेले.

"दिसतो कसा?" एकदा धीर करून विचारलं.

"पाठमोरा असतो. लाजतोय बहुतेक."

"बंद करू हे. विकून टाकू."

"मग हा डोळाही काढून द्या दुर्बिणीबरोबर," ती म्हणाली. पुढे माझं काय चालणार?

खाली घरात मात्र वेगळंच घडत होतं. एक दिवस तिने घड्याळ वाचलं. मग दुधाच्या पिशवीवरची तारीख. मग माझ्या कपाळावरचा तो व्रण बोटाने दाखवला, "अजून गेला नाही का हो?" डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारून पुन्हा पुन्हा पाहिलं. जुने रिपोर्ट मागवले. शेवटी म्हणाले, असं होत नाही.

होत नाही, पण झालं होतं. मी घरी येऊन मोरीत तोंडावर टॉवेल दाबून रडलो. आनंदाने, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

त्याच संध्याकाळी ती स्टुलावर बसली. डोळा लावला.

"आज कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमच्या मागे."

मी मान वळवली नाही. मानेवर वारा नव्हता, श्वास नव्हता. काहीच नव्हतं... फक्त पाठीच्या बाजूने मला गच्चीचा एकही आवाज येत नव्हता.

"वळलाय आज," ती म्हणाली. मग उठली आणि आपल्या हाताने दुर्बिणीवर कापड टाकलं. "पुरे. आता लागायची नाही."

ती पुन्हा गच्चीवर गेलेली नाही. दुर्बीण माळ्यावर आहे, झाकणासकट. विकायची हिंमत होत नाही. दुर्बीण गेली आणि तिच्याबरोबर हिची नजरही गेली तर? आणि ठेवायचं म्हटलं तर झोप लागत नाही.

बायको आता सगळं वाचते. सुईत दोरा ओवते. माझ्या पेपरातलं कोडं माझ्याआधी सोडवते आणि वर टोमणा मारते. सगळं पूर्वीसारखं आहे. एक गोष्ट सोडून.

मी बोलत असताना ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघते. मी सरकलो, की तिची नजरही सरकते. तितकीच.

काल मी खिडकीशी बसलो होतो. ती दारात आली, पदराला हात पुसत. चेहरा इतका खुललेला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असायचा तसा.

"अहो," तिने हाक मारली.

मी म्हटलं, "काय गं?"

ती जराशी ओशाळली.

"तुम्हाला नाही."