सिस्टर आत आहे

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची खुर्ची आहे, डॉक्टर नाही. दुसऱ्या नर्सची बदली झाली, तिची जागा रिकामीच. उरली माझी आई, जयवंता सिस्टर. तिलाही पलीकडच्या गावचं केंद्र जोडून दिलंय. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. कामठीची शाळा सुटली की मी थेट केंद्रात येते आणि आलेल्यांना सांगते, "बसा नं, आई येऊनच राहिली."

पण कोणी बसत नसे. आणि 'पेशंटच येत नाहीत' म्हणून केंद्र बंद करायची बोलणी सुरू झालेली! मग मी डोकं चालवलं. आईच्या जुन्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, आतला पंखा लावायचा. सिस्टर आत आहे! भाषणात पहिली आल्यापासून मला असल्या आयडिया सुचतात, आणि मी त्या करूनही टाकते.

लोक बसू लागले. एक दिवस मी पोचले तेव्हा रुपरावकाका पायाला पट्टी बांधून बाहेर येत होते.

"कोणी बांधली, काका?"

"सिस्टरनं. काहून?"

आई तेव्हा पलीकडच्या गावात होती. मी आत डोकावले. पंखा. रिकामी खाट. स्पिरिटचा ताजा वास.

"म्हाताऱ्याले भ्रम झाला असंन," आई हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं चपला आत नेऊन ठेवल्या. मी परत बाहेर काढल्या.

परवा दुपारी माझ्या थोरल्या बहिणीला, प्रणालीताईला, कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. अँब्युलन्स नागपूरला गेलेली, आईचा फोन लागेना. ऑटोत घालून केंद्रापर्यंत आणली. सीट रक्तानं भिजली होती.

"मी नाही वाचत आता, नंदिनी..."

"चूप वं! मी आहे ना!"

तिला खाटेवर निजवलं. ऑटोवाल्याला आईकडे पिटाळायला बाहेर आले, आणि मागं दार लागलं.

मी दारावर धडका मारल्या. आत ट्रे खणखणला. अनवाणी पावलं फिरली. ताईचं ओरडणं बारीक होत गेलं. मग थांबलं.

"ताई!"

दाराच्या फटीतून बाईचा आवाज आला. फार थकलेला.

"रिलीव्हर आली का?"

रिलीव्हर म्हणजे पुढची ड्यूटी घेणारी. ती आल्याशिवाय नर्सनं हलायचं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ.

"आधी ताईला वाचवा!"

"रिलीव्हर?"

आत काहीच हलत नव्हतं.

"मी! मी घेते ड्यूटी!"

बाळ रडलं.

दार ढकललं तर उघडंच. ताई घामानं भिजलेली, पण श्वास चालू. बाळ स्वच्छ पुसलेलं, नाळ नीट बांधलेली. तिसरं कोणी नाही.

आई धापा टाकत आली. ताईची नाडी पाहिली, बाळाला छातीशी धरलं, रडली.

"कोणी केलं वं हे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. कुठल्या गावची कोण जाणे, मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलंही नाही. माझ्यापुढे हात केला.

"उजवा नको, सखूबाई," मी म्हणाले. "त्याची शीर सापडत नाही. डावा द्या."