यादीत नसलेले शब्द

कानाच्या दवाखान्यात पहिला पेशंट यायच्या आत ताई स्वतःच कपाटात जाऊन बसायची. कपाट म्हणजे कान तपासायची आवाजबंद खोली. जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी, जाड दुहेरी दाराची, भिंतींना करडा स्पंज आणि समोर काचेची खिडकी. भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंती आवाज गिळून ढेकरही देत नसत. हेडफोन लावायचे, उजवा-डावा तपासायचा, मशीन ठीक असल्याची सही करायची, असा तिचा नऊ वर्षांचा नेम. काम दोन मिनिटांचं, पण आत एवढी शांतता की माणसाला नको ते आठवायला लागावं. ताईला रोज एकच गोष्ट आठवायची.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला आणि थोरल्या बहिणीला एकदमच न्यूमोनिया झाला, एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या कॉटवर दोघी खोकत पडल्या होत्या. थोरली गेली. धाकटी आठवड्याने घरी आली, तेव्हा जिन्यात आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ती गेली. तू कशाला राहिलीस?"

एकदाच म्हणाली. पुन्हा आईने हा विषय काढला नाही. दुःखात बोललेलं मनावर घेऊ नये, असं मावशी सांगायची. सांगणाऱ्याचं काय जातं? धाकटी त्रेचाळीस वर्षांची झाली तरी कुठेही खुर्चीच्या कडेवरच टेकायची, दुसऱ्या कुणाची जागा अडवल्यासारखी. फोटोत मागे उभी राहायची. एका भल्या माणसाने लग्नाचं विचारलं, तर हिने त्यालाच विचारलं, "मला कशाला?" तो बिचारा दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.

पहिला प्रकार एका सोमवारी घडला. आत निवृत्त लेथवाले काका बसले होते. तपासणी साधी. ताईने काचेबाहेर बसून, बटण दाबून माइकमध्ये एकेक शब्द बोलायचा आणि पेशंटने तोच परत म्हणायचा. बटण सोडलं की लाल दिवा विझतो आणि तिचा आवाज आत जात नाही. आतला मात्र तिला स्पीकरमधून सतत ऐकू येतो.

"चावी," ताई म्हणाली.

"चावी."

"डोंगर."

"डोंगर."

ताईने बटण सोडलं आणि खूण करायला पेन उचललं.

"तू," काका म्हणाले. "कशाला. राहिलीस."

पेन तिच्या हातातच राहिलं. "काका, हे शब्द मी दिले नाहीत."

"मग कुणी दिले? एवढे स्पष्ट तर तुमच्या अख्ख्या यादीत दुसरे नव्हते."

ताईने ते कानाआड केलं. बुधवारी कॉलेजातली एक मुलगी हेडफोन काढून मधूनच बाहेर आली. "यादी बदला ना ताई," एवढंच म्हणाली आणि रडवेलं तोंड लपवत निघून गेली. मेकॅनिकने मशीन खोललं, वायरी बदलल्या, सगळं ठीक असल्याचा कागद दिला. शुक्रवारी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्या जन्मापासून ठार बहिऱ्या, फक्त अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कान तपासून घ्यायचे होते. आवाज आला की दाबायचं बटण त्यांच्या हातात दिलं. मशीन पार वरपर्यंत चढवलं, तरी त्यांनी बटण दाबलं नाही. ताईने मशीन बंद केलं.

तेव्हा त्यांनी हातातलं बटण तीनदा दाबलं. मग काचेतून ताईकडे पाहिलं आणि तळहात छातीवर ठेवला.

कानाचे डॉक्टर म्हणाले, "खोली काही दिवस बंद ठेवू. तुम्हीही रजा घ्या."

"नाही," ताई म्हणाली. पुढे माफी न जोडता तिने आयुष्यात प्रथमच नाही म्हटलं होतं. "आजवर मीच बाजूला होत आले, डॉक्टर. आता ज्याचं त्याच्या पदरात घालते. उद्या माझ्या आईला तपासायचंय."

डॉक्टरांना काही उलगडा झाला नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुढे विचारलं नाही.

शनिवारी दुपारी आई पर्स मांडीवर घेऊन कपाटात बसली. शहात्तर वर्षांची, हल्ली जरा कमी ऐकू यायचं. आवाज थोडा वाढवल्यावर चावी आली, डोंगर आला, रुमाल आला. मग ताईने बटण सोडलं आणि वाट पाहिली.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं.

"थांबलीस का गं? दे की पुढचा," आई म्हणाली.

लेथवाल्यांना ऐकू आलं होतं. परक्या मुलीला आलं होतं. ठार बहिऱ्या बाईलाही आलं होतं. बोलणारीलाच तेवढं येत नव्हतं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बटण दाबलं.

"तू."

"तू," आई म्हणाली.

"कशाला."

"कशाला."

"राहिलीस."

आईने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"राहिलीस." ताईने आवाज चढवला.

"नाही ऐकू येत."

"याच्यापेक्षा कमी आवाजात तुला डोंगर ऐकू आला, आई."

"असलं मी कधी बोललेच नव्हते."

"तू बोललीस असं कुणी म्हटलं?"

आईने पर्स घट्ट धरली. "दार उघड."

"उघडते. आधी ऐक. मी राहिले. चुकून नाही, तिच्या वाटणीचं हिसकावूनही नाही. मला जगायचं होतं म्हणून राहिले. यापुढे खुर्चीभर बसणार आहे, आणि कुणालाही विचारणार नाही. हे परत म्हणू नकोस. नुसतं ऐक."

तिने बटण सोडलं आणि उठून दाराकडे गेली. बत्तीस वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"आई," मागच्या स्पीकरमधून आईचा आवाज आला.

ताई वळली. लाल दिवा विझलेला होता.

काचेपलीकडे आईने डोळे मिटले होते. तपासणीतल्यासारखी ती एकेक शब्द नीट म्हणत होती.

"तिला," आई म्हणाली.

"असं."

"का."

"म्हणालीस."



ताईने दुहेरी दार उघडलं. हेडफोन काढायला हात पुढे केला, तर आईने ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"थोडं थांब," ती हळूच म्हणाली. "तिचा खोकला अजून गेलेला नाही."