शिवेवरची पट्टी

विक्की, तो मोबाईल खिशात ठेव. उजेड तोंडावर पडला की मला बोलवत नाही. गेलेली लाईन यायची तेव्हा येईल, तोवर अंधारात बसा. स्वप्निल, तूही बस खाली. उभ्या माणसाला मी गोष्ट सांगत नाही.

ही गोष्ट माझ्या पुतण्याची आहे, उमेंद्रची. तुम्ही त्याला रोज पाहता. पहाटे सायकलवर जातो, रात्री येतो. त्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हे झालं. त्याच रात्री त्यानं मला सांगितलं, आणि मी त्याच्या हातांचा वास घेतला होता. ऐकीव असतं तर सांगितलं नसतं.

गेल्या वर्षी पोळा शुक्रवारी आला. शनिवारी, तेवीस ऑगस्टला, पोळ्याचा पाडवा. गोंदियाजवळ, मुर्रीकडच्या एका राईस मिलमध्ये उमेंद्रला काट्यावर काम लागलं होतं. ट्रकनं आलेलं धान तोलायचं. मिलवाला म्हणाला, "शनिवार से आ जाओ. आठ बजे मतलब आठ बजे." आपल्या गावापासून मिल चोवीस किलोमीटर. पहिली बस साडेआठला. मोटारसायकल त्याच्याकडे नाही.

म्हणून त्यानं बापाची जुनी सायकल काढली. आठ दिवस तिच्यामागे होता. चेन डिझेलनं धुतली, ब्रेकचे रबर बदलले, मागचा टायर नवा टाकला. आदल्या रविवारी एकदा जाऊन आला आणि वेळ पाहिली. जायला एक तास पन्नास मिनिटं. यायला दोन तास, कारण नहराचं पाणी ओलांडलं की इकडे चढ आहे.

गावाला हसायला तेवढंच पुरलं. खेमराज पानठेल्यावरून ओरडला, "काऊन गा उमेंद्र, ऑलिंपिकले जाऊन राहिला का?"

उमेंद्र म्हणाला, "तू ठेल्यावरून घरापर्यंत सरळ चालून दाखव, मंग बोल."

हे मला आवडलं होतं.

पण त्याला घोर होता पोरीचा. रुची तेव्हा पाच वर्षांची. जूनपासून खोकत होती. गोंदियाच्या डॉक्टरला दोनदा दाखवलं, औषध चालू होतं. तरी खोकला लागला की पोर निळी पडायची. शेवटी चिकट कफ ओकायची, तेव्हा कुठे श्वास यायचा. घरातली फडकी, उशा, भांडी, सगळ्याला तोच वास. मी त्या घरी पाणी पीत नव्हतो. खोटं कशाला बोलू?

आता पाडव्याचं ऐका. तुम्ही मारबतीचे फोटो काढता. ती कशासाठी असते ते तुम्हाला माहीत नाही. आपल्याकडचे म्हातारे तिला नारबोद म्हणायचे. धानाच्या तणसाची बाई करायची. ज्या घरी आजारी माणूस असेल, त्या घरच्या बाईनं त्याचं अंग एका फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं मारबतीला बांधायचं. कोणाचं खरजेचं, कोणाचं तापाचं, कोणाच्या जखमेचं. मग दिवस निघायच्या आधी ओरडत ओरडत तिला गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचं. परत येताना मागं पाहायचं नाही. बोडीच्या पाण्यात हातपाय धुवायचे, मग घर. टाकलेल्याला कोणी हात लावत नाही. कुत्रंही लावत नाही.

त्या पहाटे पुढे मीच होतो. उमेंद्रची बायको रेणू दारात उभी होती. तिनं रुचीची छाती आणि तोंड एका पट्टीनं पुसलं होतं. माहेरून आणलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी, हिरवी, पिवळ्या काठाची. तिनं ती मारबतीच्या कमरेला बांधली. तीन गाठी मारल्या. उमेंद्र तेव्हा मागच्या अंगणात चाकात हवा भरत होता. त्यानं हे पाहिलं नाही.

पाचला आम्ही मारबत शिवेबाहेर टाकली. पावणेसहाला उमेंद्र सायकलवर तिथं आला.

शिवेवर रस्त्यात खड्डा आहे, तुम्हाला माहीत आहे. सायकल उडाली. कॅरिअरवरचा डबा ट्यूबच्या रबरानं बांधला होता. रबर तुटलं. डबा खाली. त्यानं डब्याची पिशवी हँडलला लावून पाहिली, ती गुडघ्याला लागायची. चोवीस किलोमीटर कसं जमणार? घड्याळ पाहिलं. इकडंतिकडं पाहिलं.

बाजूलाच मारबतीचा ढीग होता. ती पट्टी वरच होती. कोरडी दिसत होती.

त्यानं ती ओढून काढली आणि डबा बांधला.

बारावी शिकलेला माणूस! अख्ख्या गावानं घाण पुसून टाकलेलं उचलतो!

काय म्हणालास, स्वप्निल? "आबाजी, त्याले घाई होती ना?" घाई मलाही चाळीस वर्षं होती. उकिरड्यावरचं मी कधी उचललं नाही. हसू नकोस.

मिलमध्ये तो वेळेवर पोचला. काम नीट केलं. दुपारी जेवायला बसला. सोबत हेमेंद्र म्हणून तिथलाच एक पोरगा होता. उमेंद्रनं पिशवी सोडली, झाकण काढलं. हेमेंद्रनं नाकाला रुमाल लावला.

"यार, टिफिन में क्या मरा है?"

पहाटेचा भात. दुपारी एकला पिवळा पडलेला. आंबलेला नव्हे. आंबलेल्याचा वास ओळखता येतो. हा माणसाच्या आतला वास होता. त्यानं तो भात मिलच्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्रं जवळ आलं, हुंगलं आणि मागं सरकून ओकलं. उमेंद्रनं तीन वेळा साबणानं हात धुतले. वास गेला नाही. दिवसभर पाण्यावर राहिला.

मूर्खानं डबा मात्र परत त्याच पट्टीनं बांधला.

पावणेआठला सुटला. मोठ्या रस्त्याला गाड्या होत्या, दिवे होते. काही झालं नाही. सव्वानऊला तो नहराच्या वाटेला लागला. अमावास्येची दुसरी रात्र. चंद्राचा पत्ता नाही. पाऊस नव्हता, पण धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या. पाडव्याला अर्धं गाव पिऊन पडतं, म्हणून वाटेवर माणूस नाही. सायकलच्या दांड्याला लावलेली छोटी बॅटरी, तेवढाच उजेड.

चढ सुरू झाला, तशी सायकल जड वाटली.

पंक्चर असेल म्हणून उतरला. टायर दाबून पाहिला. टणक. परत बसला. आणखी जड. तुम्ही कोणाला डबलसीट घेता ना, तो बसताना सायकल जशी खाली दबते... तशी दबली.

उमेंद्रनं मागं पाहिलं नाही. त्याला वाटलं, उपाशी आहे, थकलो आहे.

मग पाठीला ऊब लागली.

शर्टाच्या मधोमध. बशीएवढ्या जागेत. ऊब यायची, जायची. यायची, जायची.

कोणी श्वास घेत होतं.

त्यानं पायडल जोरात मारले. मागून आवाज आला. खोकल्याचा. आधी एक. मग दोन. मग लागोपाठ, श्वास न घेता, वर चढत जाणारा, शेवटी शिट्टीसारखा ओढलेला...

तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. तीन महिने रोज रात्री ऐकलेला.

आणि पाठीवर काहीतरी ओलं पडलं. कोमट. ते शर्टाच्या आतून खाली उतरलं. सावकाश.

त्यानं सायकल थांबवली. समोर शंभर पावलांवर शीव. पलीकडे गावातले दिवे दिसत होते. खिशातला फोन वाजला. रेणू होती.

"अवो, कुटी हाव?"

"शिवेजवळ."

"बरं या लवकर. रुची आज दिवसभर एकदाही नाई खोकलली. पेज पेली, झोपली. आयकून राहिले ना?"

मागं खोकला लागला होता.

रेणूला तो फोनवर ऐकू गेला. मग म्हणाली, "तुमच्याजवळ कोण खोकलून राहिलं?"

त्यानं फोन कानाला दाबून धरला.

"अवो, हे तं रुची खोकलते. पण रुची... रुची माह्या मांडीवर हाये."

"रेणू."

"डबा खाल्ला का तुमी?" तिनं हे का विचारलं, ते तिलाही आजवर सांगता येत नाही.

"नाई. वास मारत होता. रस्त्यात रबर तुटलं, म्हणून पट्टीनं बांधला होता..."

"कोणती पट्टी?"

"हिरवी. पिवळ्या काठाची."

मग रेणू हळू आवाजात बोलली. पोर जागी होऊ नये म्हणून.

"ते रुचीच्या छातीची हाये. मी मारबतीले बांधली होती. शिवेच्या आत आणू नका. सायकल सोडा. तिथंच सोडा. पायदळ या."

आता कोणीही सायकल टाकून पळाला असता. पण उमेंद्र हट्टी. आमच्या घरचा आहे. सायकल गेली तर सोमवारी कामावर कसं जायचं? त्याला वाटलं, पट्टी सोडून इथंच टाकू, सायकल घेऊन जाऊ. तो उतरला. कॅरिअरकडे पाहायचं नाही म्हणून डोळे मिटले. हातानं गाठ शोधली.

सकाळी त्यानं एक गाठ मारली होती. हाताला तीन लागल्या.

पट्टी ओली होती. गच्च. बोटं घसरत होती. नखं लावली. नखांत काहीतरी शिरलं. गाठ हलेना. आणि त्याच्या कपाळासमोर, वीतभर अंतरावर, ती ऊब. यायची. जायची.

मग त्यानं ते केलं. सांगताना तो माझ्या अंगणात दोनदा ओकला.

त्यानं गाठीला दात लावले.

तोंड भरलं. मीठ, आणि कोमट. एकट्या पोरीचं नव्हतं ते. त्यात खरजेचं मलम होतं, जखमेचा पू होता, म्हाताऱ्यांची थुंकी होती. गावानं त्या पहाटे जे जे पुसलं, ते सगळं. त्याला एक एक चव वेगळी कळली...

त्यानं सायकल सोडली. तो पळाला नाही. पळालं की माणूस मागं पाहतो, एवढं त्याला कळलं. चालला. एक पाऊल. दुसरं पाऊल. मागं खोकला. शीव आली. खोकला थांबला.

आणि मागून हाक आली.

"बाबा..."

रुचीचाच आवाज. झोपेतून उठल्यासारखा.

"बाबा, मले घरी ने ना..."

उमेंद्रनं शीव ओलांडली.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं माझं दार वाजवलं. स्वतःच्या घरी गेला नाही, एवढी अक्कल ठेवली. "मोठेबाबा, शिवू नका मले. दुरून पाणी टाका." मी अंगणात उभा करून त्याच्यावर अकरा बादल्या टाकल्या. कपडे काठीनं उचलून जाळले. ओले कपडे जळत नाहीत, ते मात्र रॉकेल टाकल्यासारखे जळले. मग त्याचे हात नाकाशी धरले. आयुष्यात मेलेली गुरं ओढली आहेत मी, विहिरीतून माणूस काढला आहे. तरी त्या वासानं माझे डोळे भरले.

साडेअकराला त्याला घरी सोडलं. रुची झोपली होती. तोंड उघडं, श्वास मोकळा. रेणू तिच्या छातीवर हात ठेवून बसलेली. रात्रभर आम्ही तिघं बसून होतो. पोर एकदाही खोकली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत खोकली नाही.

सकाळी सहाला मी आणि उमेंद्र शिवेवर गेलो. सायकल स्टँडवर उभी होती. त्यानं ती खाली पाडून सोडली होती. पट्टी नव्हती. टायर कोरडे होते.

पण सायकलपासून एक ओळ निघाली होती. गोगलगाय गेली की मागं चकचकीत रेघ राहते, तशी. हातभर रुंद. ती गावात आली नव्हती. शिवेशिवेनं डावीकडे वळली होती. आम्ही तिच्यामागे चाललो. बांधावरून, नाल्याच्या काठानं, मसणवटीमागून. वाटेत मळा आला की ओळ बांधावर चढायची, उतरायची. अख्ख्या गावाला तिनं फेरा घातला होता. कुठंही शीव ओलांडली नव्हती. प्रत्येक वाटेवर मात्र थोडी थांबलेली दिसत होती.

उमेंद्रचं घर गावाच्या टोकाला आहे. मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर जो बांध आहे, तीच शीव. तिथं ओळ संपली. तिथं सुपाएवढी जागा ओली होती आणि गवत चेपलेलं होतं. कोणी घराकडे तोंड करून खूप वेळ बसलं असेल, तशी.

मी त्यावर राख टाकली. चुना टाकला. वर दगड ठेवला. उमेंद्र सोमवारी कामावर गेला. डबा आता गळ्यात अडकवतो.

आता मे संपत आला. बोडी आटली. बांध्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. आज सकाळी मी तिकडे गेलो होतो. दगड बाजूला सरकलेला. सुपाएवढी जागा ओली आहे.

मी काडी घातली. वर उचलली.

काडीमागून चिकट तार वर आली. कोमट होती.